नाव, गाव आणि भाषेचा रकाना

नागपुराहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके एकामागून एक मागे पडतात आणि दुर्ग ओलांडल्यावर पोलाद-कारखान्याची धुराडी दिसू लागतात. ही भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये या कारखान्याचा करार झाला, त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्याच्या हिंदी व मराठी अशा दोन राजभाषा होत्या. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर इकडे आले, दुर्ग तिकडे राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवर दुर्गेकडचा मराठी माणूस, आपल्या जागेवरून तसूभरही न हलता, द्विभाषिक राज्यातून हिंदी राज्यात जाऊन पोहोचला होता. १ नोव्हेंबर २००० पासून त्याच भूमीचे छत्तीसगड राज्य झाले.

श्रोतेहो, हा इतिहास सांगून मी भूगोलाकडे वळणार आहे असे आपणांस वाटेल. तसे नाही. मला बोलावयाचे आहे ते संगणकातील एका लहानशा रकान्याविषयी. कारखाना असो, बँक असो, निवृत्तिवेतनाची कचेरी असो वा विद्यापीठ असो. आत शिरण्यापूर्वी आपण कोण, हे यंत्राला पटवून द्यावे लागते. हे पटवून घेण्याचे काम करणारे एक स्वतंत्र सॉफ्टवेअर असते. आपले नाव, आपला संकेतशब्द, आपला मोबाइल क्रमांक आणि आपल्याला कोणत्या दालनात प्रवेश आहे याची नोंद ते ठेवते. जुन्या वाड्यांच्या देवडीवर जो माणूस बसे, त्याचेच हे नवे रूप. या देवडीवाल्याच्या वहीत नाव आणि गाव यांच्या जोडीला आणखी एक रकाना असतो, तो भाषेचा. या माणसाशी कोणत्या भाषेत बोलावे, असा त्याचा अर्थ. भिलाईसारख्या गावात हा रकाना कसा भरावा, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

भिलाईच्या सेक्टरांमधून संध्याकाळी फेरफटका मारला, तर दारांवरच्या पाट्या वाचीत जाण्यासारखी दुसरी करमणूक नाही. तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया, पंजाबी, तमिळ, मराठी, शिवाय मूळचे छत्तीसगडी. देशाच्या बहुतेक सर्व भागांतून माणसे येथे कामाला आली आणि राहिली. सोव्हिएत तज्ज्ञही होते. त्यांच्या नावांची एक गंमत आहे. रशियन माणसाच्या पूर्ण नावात स्वतःचे नाव, पित्याच्या नावावरून आलेले नाव आणि कुलनाम अशी तीन अंगे असतात. कागदोपत्री कुलनाम आधी लिहितात. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव या क्रमाने ज्यांची नावे पुकारली गेली, त्या मराठी माणसांना यात काही नवल वाटणार नाही. इंग्रजी वळणाच्या 'पहिले नाव, शेवटचे नाव' अशा दोन चौकटींत मात्र दोघांचीही सारखीच कुचंबणा होते. आणि शेजारचा तमिळ गृहस्थ, ज्याला आडनावच नाही, केवळ वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आहे, तो तर त्या दुसऱ्या चौकटीपुढे हतबुद्ध होऊन बसतो.

पाटीवर आपले नाव आपण लिहितो. वहीत ते दुसरा लिहितो. साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

नावावरून भाषा ओळखावी म्हणाल, तर तेही साधत नाही. भिलाईपासून जवळच राजनांदगावला दिग्विजय महाविद्यालय आहे. तेथे १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे अध्यापन करीत होते. घर मराठी, मातृभाषा मराठी, आणि लेखन हिंदीत. आधुनिक हिंदी कवितेतील ते एक मोठे नाव. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीचे कवी व कादंबरीकार. एकाच घरात एकाच आडनावाचे दोन भाऊ, दोन भाषा. त्याही आधी, १९०० साली, पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषीच होते, आणि लोकमान्यांचा 'गीतारहस्य' हा ग्रंथ त्यांनीच हिंदीत नेला. या तिघांची खाती आज एखाद्या संगणकात उघडावयाची झाली, तर आडनाव पाहून भाषेचा रकाना भरणारा कारकून तिघांच्याही पुढे 'मराठी' लिहील. राहण्याचे ठिकाण पाहून भरणारा दोघांपुढे 'हिंदी' लिहील. दोघेही न विचारता लिहितील. विचारणे हा एकच मार्ग खरा, आणि नेमका तोच पुष्कळदा वगळला जातो.

माझ्या शेजारी एक वयोवृद्ध बाई राहतात. पतीच्या पश्चात मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर त्यांचा चरितार्थ चालतो. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. पूर्वी तो कागदावर देत, २०१४ च्या नोव्हेंबरपासून तो बोटाच्या ठशावरून संगणकाद्वारे देण्याची सोय झाली. सोय चांगली आहे, यात शंका नाही. पण एका वर्षी त्यांचे वेतन थांबले. चौकशी केली तेव्हा कळले, की बाईंच्या आडनावात 'ळ' आहे. एका कचेरीच्या नोंदीत तो 'ळ' होता, दुसऱ्या कचेरीच्या नोंदीत त्या जागी 'ल' होता, आणि दोन्ही नोंदींची तुलना करणाऱ्या यंत्राने या दोन वेगळ्या बाई आहेत असा निर्णय दिला होता. बाई जिवंत आहेत, हे बोटाने सिद्ध झाले. त्या त्याच आहेत, हे अक्षराने सिद्ध होईना. त्या कचेऱ्यांची नावे सांगण्यात अर्थ नाही. चूक कोणा एकाची नव्हती, आणि दुरुस्तीसाठी घालाव्या लागलेल्या सहा फेऱ्यांत कोणीही त्यांच्याशी उर्मटपणे वागले नाही. तथापि तीन महिने वेतन मिळाले नाही, हेही खरे.

हा 'ळ' आपल्या चर्चेचा गाभा आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरी लिपीत लिहिल्या जातात. म्हणून पुष्कळांना, विशेषतः संगणकाच्या व्यवहारात, असे वाटते की लिपी एक तर नोंदही एकच पुरे. परंतु प्रमाण हिंदीत 'ळ' चालत नाही. आपले टिळक हिंदीत 'तिलक' होतात, चिपळूणकर 'चिपलूणकर' होतात. ही काही विटंबना नव्हे. प्रत्येक भाषा परक्या नावाला आपल्या तोंडाप्रमाणे वळविते, आपणही तेच करतो. अडचण आहे ती पुढे. नोंदणीच्या वेळी नाव बहुधा रोमन लिपीत टंकतात आणि यंत्र ते देवनागरीत उतरविते. 'के-ए-एल-ई' अशी चार रोमन अक्षरे दिली, तर ते काळे, काले, कले की कळे, हे यंत्राने कसे ठरवावे? त्याला माणसाची भाषा ठाऊक असेल, तर निदान 'ळ' शक्य आहे एवढे तरी ते जाणेल. भाषेच्या रकान्यात 'हिंदी' असेल, तर तोही मार्ग बंद झाला. उतरविलेले नाव नोंदणी करणाराने व नागरिकाने पडद्यावर तपासून घ्यावयाचे असते. पण रांगेत मागे चाळीस माणसे उभी असता तो पडदा कोण आपल्याकडे वळवून मागतो?

उलट दिशेचा प्रवास आणखी मौजेचा आहे. 'ज्ञानेश्वर' हे नाव मराठी माणूस रोमन लिपीत 'डी' या अक्षराने सुरू करतो, हिंदी माणूस 'जी' या अक्षराने. कारण 'ज्ञ' चा उच्चार आपण द-न-य असा करतो आणि ते ग-य असा करतात. 'कृष्णा'मध्ये आपण 'यू' घालतो, ते 'आय' घालतात. देवनागरी अक्षरे तंतोतंत तीच, आणि तरीही भाषा ठाऊक नसेल तर त्यांचे रोमन रूप ठरविता येत नाही. म्हणजे लिपी हे भाषेचे वस्त्र आहे, ओळख नव्हे.

आता यावर उपाय काय, असे आपण विचाराल. आश्चर्याची गोष्ट ही, की उपाय फार पूर्वीच सुचविला गेला आहे. संगणकातील नावांच्या नोंदवह्या कशा असाव्यात याचे जागतिक संकेत ठरविणाऱ्या मंडळींनी १९९९ सालीच असे म्हणून ठेवले, की एकाच माणसाचे नाव अनेक भाषांत नोंदविता यावे व प्रत्येक नोंदीला त्या त्या भाषेची खूण जोडता यावी. २०१४ साली 'ओपनआयडी कनेक्ट' या नावाचा जो संकेत प्रसिद्ध झाला, आणि ज्याच्या आधारे आज असंख्य ठिकाणी एका खात्यावरून दुसरीकडे प्रवेश मिळतो, त्यातही ही सोय आहे: आडनावाच्या रकान्याच्या नावापुढे एक चिन्ह घालावयाचे आणि त्यापुढे भाषेची दोन अक्षरी खूण लिहावयाची. मराठीची खूण 'एम-आर', हिंदीची 'एच-आय'. म्हणजे आमच्या शेजारीणबाईंच्या एकाच खात्यात मराठी आडनाव 'ळ' सह, हिंदी आडनाव 'ल' सह आणि रोमन आडनाव तिसरे, अशी तिन्ही रूपे सुखाने नांदू शकतात, आणि ती तिन्ही एकाच व्यक्तीची आहेत हे यंत्रास प्रथमपासून ठाऊक असते. तुलना करावयाची ती रूपा-रूपांची नसून व्यक्तीची करता येते. सोय आहे, ती वापरण्याची तसदी कोण घेतो, हा निराळा प्रश्न.

या संदर्भात आणखी एक बारकावा सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तो खास आपल्या मराठीचा आहे. 'कऱ्हाडे', 'गोऱ्हे' या आडनावांतील तो अर्धा, चंद्रकोरीसारखा रफार आठवा. संगणकात हा रफार दोन प्रकारे साठविता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा 'र' घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. मनुष्याच्या डोळ्याला भेद कळणे शक्य नाही. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन भिन्न नावे असतात, आणि अक्षरांचे रूप एकसारखे करून घेण्याची जी ठराविक रीत आहे तीही या दोहोंतील अंतर मिटवीत नाही. 'ॲ' या अक्षराचेही तसेच. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी 'अ' वर अर्धचंद्र देऊन काम भागवीत, आणि ते जुने लेखन नोंदींत तसेच पडून आहे. भाषेचा रकाना 'मराठी' असा भरलेला असेल, तर तुलना करण्यापूर्वी ही रूपे एकत्र आणण्याची सूचना यंत्राला देता येते. ही सूचना कोणी मराठी जाणणाऱ्यानेच लिहावी लागते. बंगळूरच्या वा सिअॅटलच्या अभियंत्याला ती स्वप्नातही सुचणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

अक्षरांच्या वळणापर्यंत हा रकाना पोहोचतो. आपला पाकळ्यांचा 'ल' आणि देठाचा 'श' हिंदी मुद्रणातील 'ल' व 'श' यांहून दिसण्यात वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यात ही रूपे मुद्दाम नमूद केली आहेत. संगणकात मात्र दोन्ही भाषांच्या 'ल' ला क्रमांक एकच. कोणत्या वळणाचा 'ल' दाखवावा, हे अक्षरसंच ठरवितो ते मजकुरास जोडलेली भाषेची खूण पाहून. खूण चुकली, की आपले पान परक्या हाताने लिहिल्यासारखे दिसते. अंध माणसाला पान वाचून दाखविणारे यंत्रही याच खुणेवर विसंबते. ती हिंदी असेल तर 'चाक' आणि 'चार' यांतले दोन वेगळे 'च' त्याच्या आवाजात एक होतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ते खुपते. आपण सर्वजण या क्षणी कानानेच ऐकत आहोत, म्हणून हे आपणांस अधिक पटावे.

येथवर नावाची गोष्ट झाली. नावाची भाषा आणि बोलण्याची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच रकान्यात कोंबणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. आडनाव 'ळ' सहच हवे असे म्हणणारी बाई सूचना मात्र हिंदीत वाचणे पसंत करील. भिलाईत शाळा हिंदी असल्यामुळे पुष्कळांचे वाचन हिंदीतच पक्के झाले आहे. २०१५ सालच्या एका जागतिक संकेतात तर यापुढे जाऊन 'पसंतीची भाषा' आणि 'स्थानिक रीत' असे दोन निरनिराळे रकाने सांगितले आहेत. पहिला संभाषणासाठी, दुसरा तारीख, आकडे, रुपये कसे दाखवावेत यासाठी. लाख-कोटींनी मोजणाऱ्या माणसाला दशलक्षांचे स्वल्पविराम दाखविले, तर निवृत्तिवेतनाची रक्कम वाचतानाच त्याचा गोंधळ होतो.

आता देवडीवाल्याची खरी पंचाईत ऐका. आपण दाराशी येतो, तेव्हा आपण कोण हे त्यास ठाऊक नसते. म्हणून आपल्या खात्यातील भाषेचा रकाना त्यास वाचता येत नाही. आणि तरीही 'आपले नाव सांगा' हे पहिले वाक्य त्याला कोणत्या तरी भाषेत बोलावेच लागते. तेव्हा तो अनुमान करतो. आपण त्याच क्षणी पडद्यावर भाषा निवडली असेल तर ती. नसेल तर या संगणकावरून मागच्या वेळी निवडलेली. तीही नसेल तर संगणकाने वा मोबाइलने स्वतः कळविलेली. आणि काहीच नसेल तर संस्थेने ठरवून ठेवलेली. हा क्रम शहाणपणाचा आहे, पण त्यात घरचा संगणक गृहीत धरला आहे. आमच्या भागात अनेकांची कामे चॉइस सेंटरमधील एकाच संगणकावर होतात. तेथे मागच्या माणसाची निवड पुढच्या माणसाच्या कपाळी येते. सकाळी कोणी तेलुगू निवडून गेला, तर दुपारी आलेल्या साहूजींना तेलुगूत पासवर्ड विचारला जातो, आणि परत हिंदीकडे नेणारी कळ कोठे आहे हेही तेलुगूतच लिहिलेले असते. म्हणून भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत असावे, हा नियम साधा वाटला तरी जिवाचा आहे. काही ठिकाणी भाषांपुढे राष्ट्रांचे ध्वज लावतात. बावीस भाषा अनुसूचीत असलेल्या देशात ते लावून काय साधणार, हे लावणारासच ठाऊक.

संगणक किंवा मोबाइल आपली पसंती कळवितो तेव्हा एकच भाषा नव्हे, तर उतरत्या क्रमाने अनेक भाषा कळवू शकतो, आणि प्रत्येकीला शून्य ते एक यांच्या दरम्यान वजनही देऊ शकतो. मराठी पूर्ण एक, हिंदी त्याहून किंचित कमी, इंग्रजी त्याहूनही कमी. अनेक भाषांत जगणाऱ्या माणसाचे इतके यथार्थ चित्र दुसऱ्या कोणत्याही सरकारी कागदात मी पाहिलेले नाही. दुर्दैव असे, की दार ओलांडून खात्याच्या नोंदीत शिरताच या यादीतील पहिली भाषा तेवढी ठेवून बाकीच्या बहुधा टाकून देतात. मग जेथे मराठी भाषांतर तयार नसेल, तेथे यंत्र थेट इंग्रजीवर उडी मारते. कारण बनविणाराने तेच अखेरचे ठिकाण ठरविलेले असते. भिलाईच्या मराठी बाईला त्या जागी हिंदी हवी होती. केरळातून आलेल्या निवृत्त फोरमनला कदाचित इंग्रजीच हवी असेल. अखेरचे ठिकाण प्रत्येकाचे निराळे.

संस्थांची बाजूही पाहिली पाहिजे. केंद्राच्या १९७६ च्या राजभाषा नियमांत देशाचे 'क', 'ख' आणि 'ग' असे भाग केले आहेत. छत्तीसगड 'क' मध्ये येते, महाराष्ट्र 'ख' मध्ये. कचेरीने कोणत्या भाषेत पत्र लिहावे, हे त्या भागावरून ठरते. कागदी पत्रव्यवहाराला हे पुरेसे होते, कारण पत्र ठिकाणाला जाते. संगणकाचे खाते मात्र माणसाबरोबर फिरते. भिलाईत नोकरी करून नाशिकला मुलाकडे राहावयास गेलेल्या गृहस्थाचे खाते 'क' मधले समजावे की 'ख' मधले? संविधानाच्या ३५०व्या अनुच्छेदाने प्रत्येकास, आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. परंतु गाऱ्हाणे मांडण्याच्या पानापर्यंत पोहोचण्यापूर्वी देवडी लागते, आणि देवडीवरच्या भाषेविषयी त्या अनुच्छेदात काही असणे १९५० साली कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

खर्चाचाही प्रश्न आहे, आणि तो खोटा नाही. मोबाइलवर जो सांकेतिक आकडा येतो, त्याचा संदेश इंग्रजीत असेल तर एका संदेशात एकशे साठ अक्षरे बसतात, देवनागरीत सत्तरच. शिवाय प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'मराठी' हा आपल्याला तीन अक्षरी वाटणारा शब्द तेथे पाच जागा खातो, आणि 'क्ष' एकटा तीन. लाखो संदेश धाडणाऱ्या संस्थेला हा भुर्दंड दिसतो, म्हणून भाषेच्या रकान्यात काहीही असले तरी संदेश इंग्रजीत येतो. मला यावर असे म्हणावयाचे आहे, की फसवणुकीपासून सावध करणारे एवढे एक वाक्य, 'हा आकडा कोणासही सांगू नका', त्या माणसाला समजेल अशा भाषेत असावे. ज्याला ते कळले नाही तो आकडा सांगून बसतो, आणि मग बचत कोणाची झाली याचा हिशेब निराळा निघतो. तो आकडा भरतानाही एक खोडा असतो. मोबाइलचा कळफलक मराठी असला, तर बोटांखाली मराठी आकडे येतात. आपल्या दृष्टीने चार म्हणजे चार, पण यंत्राच्या लेखी मराठी चार आणि इंग्रजी चार ही दोन वेगळी चिन्हे आहेत, आणि पुष्कळ यंत्रे मराठी चार 'चूक' म्हणून परत करतात. एका ओळीच्या सूचनेने ही चूक टळते. मी ती टळलेली पाहिली आहे, तशी न टळलेलीही पाहिली आहे.

मराठीचे एवढे गाऱ्हाणे सांगताना मला थोडा संकोचही होतो. आधारची देशातील पहिली नोंद २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देण्यात आली. त्या पत्रांवर इंग्रजीच्या जोडीला मराठी होती. गावाच्या घराघरांत बोलली जाणारी भाषा मात्र मराठी नव्हती. इकडे छत्तीसगडी भाषेला राज्याच्या विधानसभेने २००७ साली राजभाषेचे स्थान दिले. तिलाही जागतिक यादीत स्वतःची तीन अक्षरी खूण आहे. बस्तरच्या हलबीला, जिच्यात मराठीचा मोठा अंश मिसळलेला आहे, तिलाही आहे. खूण असली तरी भाषांच्या यादीत तिचे नाव दिसतेच असे नाही, कारण यादीत कोणत्या भाषा ठेवावयाच्या हे संस्था ठरविते, आणि भाषांतर नसलेली भाषा यादीत ठेवून उपयोग काय, असे तिला वाटते. मला हे मत मान्य नाही. भाषांतर नसले, तरी नोंद असावी. किती माणसे हलबी मागत आहेत, हे नोंदच नसेल तर भाषांतराची निकड कोणास आणि कशी कळावी?

शेजारीणबाईंचे आडनाव अखेर दोन्ही कचेऱ्यांत 'ळ' सह लागले आणि थकलेले वेतन एकदम हाती आले. दुरुस्ती झाली त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. खिडकीवरचा तरुण ओडिया होता, त्याने हिंदीत विचारले, "माताजी, भाषा कौन सी रखूँ?" बाईंनी क्षणभर विचार केला आणि त्या म्हणाल्या, "नाव मराठीत लिही बाबा. सूचना हिंदीत दे, मला वाचता येतात. आणि पैशांचा संदेश माझ्या नातीला जातो, तिला इंग्रजीच बरी." तरुणाने पडदा आमच्याकडे वळविला. चौकट एकच होती, आणि तीत एकच भाषा मावत होती. त्याने 'हिंदी' वर बोट ठेवले, बाईंकडे पाहिले, आणि त्यांनी मान डोलावल्यावर कळ दाबली.